एकच अवतार, चार जगं : मॉडिंग नेमकं कुठे अडतं?

निळशेपटी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

गेली तीन वर्षं मी एकाच अवताराचं (आभासी जगात माझ्या जागी दिसणाऱ्या शरीराचं) मॉडिंग करतेय, म्हणजे त्यात स्वतः बदल करतेय. निळ्या पिसांचा, लांब शेपटीचा पक्षीमानव. बेस, म्हणजे तयार मूळ मॉडेल, विकत घेतलेला होता, पण आता त्यातलं धड आणि हात सोडले तर मूळचं काही उरलेलं नाही. डोकं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घडवलं, पंख स्वतः बनवले. शेपटीची १४ पिसं वेगवेगळी हलतात आणि हाताच्या एका खुणेवर पिसारा उघडतो. व्हीआरचॅट या आभासी भेटीगाठींच्या प्लॅटफॉर्मवर लोक मला नावाने कमी आणि शेपटीने जास्त ओळखतात.

आता आमचा गट पांगलाय. काही जण पीसीवरच आहेत, काहींनी पीसी सोडून स्वतःच्या मोबाइल चिपवर चालणारा स्वतंत्र हेडसेट घेतलाय, दोघं रेझोनाइट या दुसऱ्या आभासी जगात रमलेत आणि आठवड्याची एक भेट क्लस्टर या आणखी एका प्लॅटफॉर्मवर ठरते, तिथे व्हीआरएम या अवतारांसाठीच्या स्वरूपातली फाइल लागते. परवा एका ठिकाणी स्वतंत्र हेडसेटवरून आलेल्या माझ्या जुन्या मैत्रिणीने विचारलं, "तू आहेस ना ही? मला कुणीतरी करडंच दिसतंय." तिने मला आवाजावरून ओळखलं. माझाच अवतार मर्यादेबाहेर होता, त्यामुळे तिच्याकडे तो उघडलाच नव्हता. दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

अवतार असा आहे : १,४८,००० त्रिकोण (पृष्ठभाग यांचाच बनतो), ९ स्किन्ड मेश (हाडांसोबत हलणारे पृष्ठभाग), ११ मटेरियल (पृष्ठभागाच्या रंग-चमकेच्या मांडण्या), टेक्स्चर (त्यावर चिकटवलेली चित्रं) मेमरी ३०९ एमबी, पॅरामीटर (कपडे, भाव यांची स्थिती इतरांना कळवणारे आकडे) २५६ पैकी २४० बिट वापरलेले. एकदा नीट बांधला की चारही ठिकाणी चालेल, अशी काही वाट आहे का?

त्रिकोणमिती

पूर्ण अशी वाट नाही. पण बरीचशी आहे.

अवतार म्हणून आपण जी एक वस्तू समजतो ती खरं तर दोन थरांची असते. पहिला थर म्हणजे मेश, हाडं, वेट पेंट (कुठलं हाड पृष्ठभागाला किती ओढतं ते), ब्लेंडशेप (मेशचे आधीच घडवून ठेवलेले बदललेले आकार) आणि टेक्स्चर. हा एफबीएक्स किंवा जीएलटीएफ फाइलमधून कुठेही जातो. दुसरा थर म्हणजे वागणूक : अॅनिमेटर, मेनू, पिसांची डुलण्याची गणितं, कन्स्ट्रेंट (एक हाड दुसऱ्याच्या मागे चालवणारी बांधणी), शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा ते सांगणारा प्रोग्राम). हा थर त्या त्या प्लॅटफॉर्मच्या एसडीकेमध्ये (अवतार बांधायच्या साधनसंचात) लिहिलेला असतो आणि तिथेच राहतो.

व्हीआरचॅटमधलं तुमचं पिसारा उघडणं म्हणजे एफएक्स लेयरमधला, युनिटी या गेम इंजिनचा अॅनिमेटर आहे. चिलआउटव्हीआर हे आणखी एक आभासी जगही युनिटीवरच आहे, त्यामुळे तिथे अॅनिमेशन क्लिप वापरता येतात, पण मेनू आणि पॅरामीटर त्यांच्या किटमध्ये नव्याने जोडावे लागतात. रेझोनाइटमध्ये अॅनिमेटर ही कल्पनाच वेगळी आहे. तिथे मॉडेल थेट जगातच आयात करायचं, तिथेच अवतार बांधायचा आणि वागणूक प्रोटोफ्लक्स या तिथल्या चित्ररूप प्रोग्रामिंगच्या गाठी जोडून लिहायची. व्हीआरएममध्ये तर चेहऱ्याचे भाव आणि स्प्रिंग बोन (डुलणारी हाडं) एवढंच मावतं. पिसारा हा 'भाव' म्हणून बसवला तर बसेल, नाहीतर नाही.

म्हणून माझा सल्ला : युनिटी प्रोजेक्टला मूळ प्रत मानणं सोडा. मूळ प्रत ब्लेंडरची फाइल. पिसारा उघडण्याची हालचाल हाडांच्या अॅनिमेशनने केली असेल तर त्याचीच एक ब्लेंडशेप आवृत्तीही तिथेच करून ठेवा, कारण ब्लेंडशेप चारही ठिकाणी पोचतो.

पोतपारखी

३०९ एमबी हा आकडा आधी हाताळा. सगळ्यात स्वस्तात तोच सुटेल.

निळशेपटी

@पोतपारखी, इथेच माझा गोंधळ होतो. माझ्या सगळ्या पीएनजी मिळून २८ एमबी भरतात. मग ३०९ आले कुठून?

पोतपारखी

पीएनजीचा आकार विसरून जा. ग्राफिक्स कार्डला पीएनजी वाचता येत नाही. ते डिस्कवरचं बांधलेलं गाठोडं आहे, मेमरीत ते सोडावंच लागतं.

४०९६ × ४०९६ म्हणजे १ कोटी ६७ लाख पिक्सेल. पीसीवर बीसी७ कॉम्प्रेशनमध्ये दर पिक्सेलला १ बाइट, म्हणजे १६ एमबी. त्यावर मिपमॅपची (लांबून पाहण्यासाठीच्या लहान प्रतींची) एक तृतीयांश भर, म्हणजे २१.३. पांढरा कागद असो की बारीक पिसांची नक्षी, आकडा तोच. तुमच्याकडे बहुधा १४ टेक्स्चर ४के (४०९६ पिक्सेल रुंद) आणि २ टेक्स्चर २केची (२०४८) असावीत : १४ × २१.३ अधिक २ × ५.३, बेरीज ३०९.

ती १४ नुसती २केवर आणलीत तर बेरीज ८५ च्या आसपास येते. व्हीआरचॅटच्या पीसी रँकिंगमध्ये (अवतार किती जड आहे त्याच्या श्रेणीत) ७५ पर्यंत 'गुड', ११० पर्यंत 'मीडियम' आणि १५० पर्यंत 'पुअर', म्हणजे टेक्स्चरपुरतं 'व्हेरी पुअर'मधून एका उडीत 'मीडियम'. समोरच्याला फरक दिसणार नाही. दोन हात अंतरावरून माणसाच्या बाहीवर ४के वाचता येईल इतके पिक्सेल हेडसेटमध्येच नसतात. चेहरा आणि डोळे तेवढे मोठे ठेवा.

मोबाइल चिपच्या हेडसेटवर कॉम्प्रेशन बदलतं, तिथे एएसटीसी लागतं. ६×६ ब्लॉकमध्ये २केचं एक टेक्स्चर मिपमॅपसकट अडीच एमबीत बसतं. सगळा पक्षी एका रंग-टेक्स्चरमध्ये आणलात तर १० एमबीची 'एक्सलंट'ची रेघसुद्धा लांब नाही.

व्हीआरएमबद्दल सावध. त्यात टेक्स्चर पीएनजी किंवा जेपीजी म्हणूनच असतं आणि चालू असताना उघडलं जातं. ते पुन्हा कॉम्प्रेस करायचं की नाही हे प्लॅटफॉर्मवर अवलंबून. न केल्यास दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे तुमचं एकच ४के टेक्स्चर मिपमॅपसकट ८५ एमबी खाईल.

रात्रपाळी

आकड्यांच्या मागचं कारणही सांगतो, नाहीतर या मर्यादा म्हणजे उगाचची अडवणूक वाटते. ९० हर्ट्झला एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ ला १३.९. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची. खोलीत तुमच्यासारखे तीस जण, प्रत्येकाची ११ मटेरियल, म्हणजे ३३० वेळा प्रोसेसरने कार्डाला 'आता हे काढ' म्हणायचं. समोर आरसा लावला की तेच सगळं परत. बहुतेक गर्दीत आधी दमतो तो प्रोसेसर, त्यामुळे त्रिकोण कमी करण्याआधी मेश आणि मटेरियल एकत्र करा. ९ स्किन्ड मेशचे २ करा. कपडे चालू-बंद करायची सोय हवी असेल तर तो भाग ब्लेंडशेपने आत आवळून घेता येतो.

मोरपीस

मी पिसांवरच बोलते, कारण मीही पिसांनीच पोळले आहे.

पीसीवर पिसं करायची नेहमीची युक्ती म्हणजे सपाट पट्टी आणि अल्फा, म्हणजे काठाबाहेरचा भाग पारदर्शक करणं. दोन त्रिकोणांत एक पीस. तुमची इतकी त्रिकोणसंख्या बघून वाटतं तुम्ही तसं केलं नाही, पिसांचे काठ मेशमध्येच कापलेत. बरोबर ना? आधी लोक तुम्हाला सांगतील, अल्फा वापरा, त्रिकोण वाचतील. ते पीसीपुरतं खरं आहे. व्हीआरचॅटच्या मोबाइल आवृत्तीत अवताराला ठरावीक यादीतलेच शेडर चालतात आणि त्यात अल्फा कापणारा शेडर नाही. तिथे तुमची सगळी पिसं चौकोनी पत्रे दिसतील. शिवाय मोबाइल चिपवर एकावर एक पारदर्शक थर काढणं फार महाग पडतं.

म्हणजे एका जागी त्रिकोण वाचवणारा उपाय दुसऱ्या जागी चालतच नाही. मी शेवटी असं केलं : दर पिसाचा बाहेरचा आकार बारा-चौदा त्रिकोणांत कापला, आतल्या रेषा सगळ्या टेक्स्चरमध्ये रंगवल्या. लांबून पाहणाऱ्याला कडा दिसते, आतली शीर दिसत नाही. हे हाताने करावं लागतं. ब्लेंडरचा आपोआप त्रिकोण कमी करणारा डेसिमेट मॉडिफायर ब्लेंडशेप असलेल्या मेशवर लागू होत नाही, आणि टूल वापरून जबरदस्तीने केलं तरी ते आधी नेमके पिसांचे टोकच खातं.

दुसरी गोष्ट चमक. तुमच्या पिसांचा निळा कोनाप्रमाणे हिरव्याकडे झुकत असेल तर ते पोइयोमी किंवा लिलटून या शेडरमध्ये केलेलं असणार. हे शेडर पीसीबाहेर जात नाहीत. रेझोनाइटमध्ये तर स्वतःचा शेडर आणताच येत नाही, तिथल्या मटेरियलमधूनच निवडायचं. पण मॅटकॅप मात्र सगळीकडे आहे! व्हीआरचॅटच्या मोबाइल यादीत मॅटकॅपचा शेडर आहे, व्हीआरएमच्या एमटून शेडरमध्ये ती सोय आहे, रेझोनाइटमध्येही आहे. पाहण्याच्या कोनाप्रमाणे बदलणारा रंग एका गोल चित्रात रंगवायचा, बस. मी मोराचा निळा-हिरवा असाच चारही ठिकाणी नेला. मूळ शेडरइतकं खोल नाही, पण डोकं हलवलं की रंग फिरतो आणि पाहणाऱ्याला तेच लक्षात राहतं.

निळशेपटी

@मोरपीस, मॅटकॅपचं मला सुचलंच नसतं. आणि हो, काठ मेशमध्येच कापलेत. पंख आणि शेपटी मिळून ६२,००० त्रिकोण आहेत.

सडेतोड

वेगळं मत मांडतो. हा सगळा खटाटोप कशाला? प्रत्येक ठिकाणी तिथल्या ताकदीप्रमाणे वेगळा अवतार करा. पीसीवर पूर्ण वैभव, हेडसेटवर साधा गोंडस पक्षी, व्हीआरएमसाठी तिसरा. एकाच अवताराला चार ठिकाणी ओढत नेलं की सगळीकडेच तो अर्धवट होतो. मी स्वतः तीन वेगळे वापरतो आणि लोकांना सवय होते.

निळशेपटी

@सडेतोड, तुमचं पटतं, पण माझी गरज वेगळी आहे. मी कमी बोलते. खोलीत आल्यावर लोक मला शेपटीवरून ओळखून जागा करून देतात. तिन्हीकडे वेगळी दिसले तर तिन्हीकडे नव्याने ओळख करून द्यावी लागेल. मला सगळं तपशीलवार न्यायचं नाही, ओळखू येईल इतकंच न्यायचंय.

सांधेजोड

मग बाह्यरेषा धरून चला. काळ्या रंगात भरलेली सावली पाहूनही ती तुमचीच वाटली पाहिजे. ते जमलं तर बाकी कितीही कापा.

हाडांबद्दल थोडं. युनिटीच्या ह्युमनॉइडला (माणसासारख्या सांगाड्याला) किमान १५ हाडं लागतात आणि जास्तीत जास्त ५५ तो ओळखतो. पंख आणि शेपटी त्या ५५ मध्ये नाहीत. म्हणजे पंख कुठल्याच प्लॅटफॉर्मला 'अवयव' म्हणून माहीत नसतात, ते तुम्ही खांद्याला किंवा पाठीला लटकवलेली हाडं असतात. हातासोबत पंख उघडायचे असतील तर व्हीआरचॅटमध्ये कन्स्ट्रेंट, रेझोनाइटमध्ये प्रोटोफ्लक्स, आणि व्हीआरएम १.० मध्ये फिरण्यापुरता मर्यादित कन्स्ट्रेंट. जुन्या ०.x मध्ये तोही नाही.

पक्ष्याचे पाय उलट्या गुडघ्याचे दिसत असतील तर तिथे एक जास्तीचं हाड असणार. आयके (पावलाच्या जागेवरून पायाचे सांधे ठरवणारा हिशेब) फक्त मांडी, पोटरी आणि पाऊल सोडवतो. चौथं हाड मधे घातलं की पाऊल जमिनीत जातं. माझा उपाय : माणसाच्या तीन हाडांची अदृश्य साखळी ठेवायची, दिसणारा पाय तिच्यावर स्वार करायचा. कन्स्ट्रेंट नसलेल्या जागेसाठी वेट पेंट थेट त्या तीन हाडांवर केलेली दुसरी मेश ठेवा.

आणि डुलणारी शेपटी. फिजबोन, म्हणजे हाडं डुलवणारे कंपोनंट, २०२२ साली व्हीआरचॅटमध्ये डायनॅमिक बोन या जुन्या साधनाच्या जागी आले, ते फक्त तिथलेच. चिलआउटव्हीआरमध्ये डायनॅमिक बोन किंवा मॅजिका क्लॉथ, व्हीआरएममध्ये स्प्रिंग बोन, रेझोनाइटमध्ये त्यांची स्वतःची साखळी. ओढ आणि ताठरपणाचे आकडे एकातून दुसऱ्यात उतरवून चालत नाही, प्रत्येक ठिकाणी डोळ्याने बघून जुळवावे लागतात. मोबाइलवर ८ फिजबोन कंपोनंट आणि ६४ हलणारी हाडं ही वरची हद्द. ती ओलांडली तर फिजबोन नुसते कमी होत नाहीत, सगळेच काढले जातात आणि शेपटी काठीसारखी ताठ राहते. तुमच्या १४ पिसांत प्रत्येकी ६ हाडं असतील तर ८४ तिथेच झाली. एका मूळ हाडावर एकच कंपोनंट ठेवून त्याला सगळ्या फांद्या चालवायला सांगता येतात, त्याने कंपोनंट वाचतात, पण हाडं मोजलीच जातात. पिसंच कमी करावी लागतील.

चेहरेपट्टी

पॅरामीटरचा प्रश्न राहिलाच. २४० बिट वापरलेत म्हणजे तुमच्याकडे १६ उरलेत. व्हीआरचॅटमध्ये बूल (हो/नाही) १ बिट घेतो, इंट (पूर्णांक) आणि फ्लोट (दशांश आकडा) ८. पुढेमागे चेहऱ्याचं ट्रॅकिंग जोडायचं झालं तर हिशेब असा : अॅपलच्या एआरकिटच्या यादीत चेहऱ्याच्या ५२ हालचाली, प्रत्येकी एक फ्लोट म्हणजे ४१६ बिट. मावतच नाहीत. म्हणून लोक फ्लोटचे तुकडे बूलमध्ये करतात. ४ बिटांत एका हालचालीच्या १६ पायऱ्या मिळतात, ५२ ला २०८ बिट. पायऱ्या दिसू नयेत म्हणून पाहणाऱ्याच्या बाजूला अॅनिमेटरमध्ये त्या गुळगुळीत करायच्या. काही टूल्स पॅरामीटर आळीपाळीने पाठवून जागा वाचवतात, पण मग भाव उशिरा पोचतात. कपड्याच्या बटणाला ते चालतं, हसण्याला नाही.

व्हीआरएमवर बोलताना तोंडाची गंमत लक्षात ठेवा. व्हीआरचॅट १५ व्हिसीम (बोलतानाचे तोंडाचे आकार) वापरतं, त्यात ओठ मिटण्याचा वेगळा आकार आहे. व्हीआरएममध्ये फक्त पाच स्वर : आ, इ, उ, ए, ओ. 'मामा', 'बाबा' म्हणताना ओठ मिटत नाहीत. मराठी बोलताना हे फार जाणवतं. मी 'उ'चा आकार थोडा जास्त मिटलेला ठेवते, त्याने जरा बरं दिसतं. तुमच्याकडे चोच आहे, तुम्हाला हा त्रास कमी होईल.

निळशेपटी

२४० बिट गेलेत ते बहुतेक कपड्यांच्या रंगांवर. दर कपड्याला एकेक फ्लोट लावलाय. आता बघून वाईट वाटतंय.

चेहरेपट्टी

वाईट वाटून घेऊ नका, सगळे तिथूनच सुरुवात करतात. रंगांचे आठ ठरावीक पर्याय ठेवले तर ३ बूल पुरतात.

आणखी एक. पीसी आणि अँड्रॉइडची (स्वतंत्र हेडसेटची) आवृत्ती एकाच ब्लूप्रिंट आयडीवर (अवताराच्या ओळख क्रमांकावर) चढवणार असाल तर दोन्हीकडे पॅरामीटरची यादी आणि क्रम तंतोतंत एकच ठेवा. मोबाइलवर टोपी नसली तरी टोपीचा पॅरामीटर काढू नका. क्रम हलला की तुम्ही टोपी घालता आणि तिकडे तुमचा डोळा मिटतो.

नवखा

क्लायंट मॉड वापरून, म्हणजे आपल्या यंत्रावरचा प्रोग्रामच बदलून, या मर्यादा ओलांडता येत नाहीत का?

त्रिकोणमिती

@नवखा, दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. इथे चाललंय ते अवताराचं मॉडिंग, ते सगळीकडे रीतसर आहे. क्लायंट बदलणं वेगळं. व्हीआरचॅटने जुलै २०२२ मध्ये ईझी अँटी-चीट ही असा फेरफार रोखणारी यंत्रणा आणल्यापासून ते बंद आहे, बरेच लोक तेव्हाच दुसरीकडे गेले. आणि तांत्रिकदृष्ट्याही त्याने काम होत नाही. तुमचा अवतार तुमच्या यंत्रावर नाही, पाहणाऱ्याच्या यंत्रावर काढला जातो. तुम्ही तुमचा क्लायंट कितीही बदललात तरी मैत्रिणीच्या हेडसेटची मेमरी वाढत नाही, आणि काय दाखवायचं हे तिच्या सेटिंगप्रमाणेच ठरतं.

निळशेपटी, एक विचारायचं राहिलं. बेस विकत घेतलेला आहे म्हणालात. त्याचे नियम वाचलेत का? काही निर्माते फक्त एका प्लॅटफॉर्मसाठी परवानगी देतात. व्हीआरएममध्ये कोण वापरू शकतं, व्यावसायिक वापर चालतो का, हे फाइलच्या आतच लिहावं लागतं. ते रकाने घाईत भरू नका.

निळशेपटी

वाचले. बदल आणि इतर प्लॅटफॉर्म चालतात, फाइल इतरांना देणं चालत नाही. रेझोनाइटबद्दल स्पष्ट नव्हतं म्हणून निर्मात्याला विचारलं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं.

निळशेपटी

दोन महिन्यांनी परत येतेय. कुणाला उपयोग होईल म्हणून काय झालं ते लिहिते.

ब्लेंडरमध्ये सगळं एका फाइलमध्ये आणलं आणि खालून वर बांधलं, म्हणजे आधी मोबाइल, मग बाकीचे. मोबाइलची आवृत्ती १८,४०० त्रिकोण, २ मेश, २ मटेरियल. १५,००० च्या खाली जाऊन 'मीडियम' गाठायचा प्रयत्न केला, पण डोक्याचा तुरा जायला लागला, म्हणून 'पुअर'वर थांबले. पीसीची ६८,०००, टेक्स्चर मेमरी ७१. @मोरपीस यांच्या पद्धतीने पिसं हाताने परत कापली, त्यातच तीन आठवडे गेले. मॅटकॅप रंगवायला एक संध्याकाळ.

व्हीआरएम पहिल्यांदा उघडलं तेव्हा पक्षी पाठमोरा उभा होता. ०.x आणि १.० मध्ये मॉडेलची पुढची दिशा उलट आहे, मी जुन्यासाठी फिरवलेलं मॉडेल नव्या एक्सपोर्टरला दिलं होतं. पिसारा तिथे ब्लेंडशेप म्हणून 'आनंद' या भावावर बसवला. हसले की उघडतो. हे ठरवून केलं नव्हतं, पण आता मला तेच सगळ्यात आवडतं.

रेझोनाइटमध्ये पंख अजून अर्धवट आहेत. हात वर नेला की उघडतात, पण खाली आणताना एका क्षणी झटका बसतो. कोन १८० ओलांडताना होतं असा अंदाज आहे. प्रोटोफ्लक्स येणारं कुणी असेल तर मी गाठींचं चित्र टाकते.

काल ती मैत्रीण भेटली, त्याच हेडसेटवरून. मी अजून काही बोललेही नव्हते. ती मागून आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "शेपटीची पिसं कमी केलीस का गं?"

हो, चौदाची सात केलीत.